भाग एकोणिसावा

चादरींच्या आत बसून बोलते मी.
चार बाजूंना चार, एकीवर मोर,
एकीला अजून कारखान्याचं लेबल.
कुणीतरी सांगितलं होतं, फोम बसवून घ्या, साडेसहा हजार.
सोलापुरात आवाज अडवायला फोम?
आई हसली आणि पेटी उघडली.

आत मे महिना.
पंखा बंद, कारण पंखा ऐकू येतो.
माईकपुढे बांगडीवर ताणलेला जुना मोजा,
घाम हनुवटीवरून वहीवर.
"नमस्कार, मी भाग्यलक्ष्मी म्याकल."
इथपर्यंत ठीक. पुढे
समोर कुणी नाही.

दिवसा असतात माणसं समोर.
अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर, दहा बाय बारा.
पाटी: मुलाखत व संभाषण मार्गदर्शन.
हात कुठे ठेवायचे विचारणारा बँकेचा उमेदवार,
ग्राहकाला फोन लावताना रडू येणारी सेल्समधली पोरगी,
आणि टॉवेलचा धंदा मुलाच्या हाती देऊन
त्याच मुलाशी बोलायचं कसं ते शिकायला आलेले
राजमल्लू बुर्रा, वय चौसष्ट, फी आगाऊ.
सगळ्यांना सांगते, डोळ्यांत बघवत नसेल
तर समोरच्याच्या भुवईकडे बघा.

चादरीला भुवई नसते.

भिंतीपलीकडे नरसिंगअण्णांचे माग,
चारांतला एकच चालू.
धागा तुटला की तो थांबतो,
गाठ मारेपर्यंत शांतता.
तेवढ्यात एक वाक्य.
कधी अर्धंच, उरलेलं पुढच्या तुटण्यात.
म्हणून आखूड बोलायची सवय लागली
आणि लोकांना ती शैली वाटली.
कुर्डुवाडीहून एकीनं कळवलं,
मॅडम, किती विचार करून बोलता तुम्ही.

पाणी येतं त्या दिवशी भाग नाही,
हे पहिल्याच भागात सांगून टाकलंय.
ऐकणारे सतरा. त्यांतली एक आई.
विड्या वळताना लावते, शेवटपर्यंत ऐकते,
मग म्हणते, "छान झालं. पण तू जेवलीस का, ते कळंना."

क्लासमधल्या ओंकारनं विचारलं,
"सगळं तिथं फुकट सांगताय, मग फी कशाची?"
उत्तर सुचायला रात्र गेली:
तिथे मी बोलते. इथे तू बोलतोस
आणि मी गप्प बसण्याचे पैसे घेते.
सकाळी सांगितलं. तो आलाच नाही पुन्हा.
महिन्यानं आला, भावाला घेऊन,
दोघांत मिळून सूट मागायला.

सातव्या भागात मी बुर्रांची गोष्ट सांगितली.
नाव नाही, टॉवेल नाही, मुलाचा जावई केला.
ते आले, चप्पल काढता काढता म्हणाले,
"तो मीच की."
हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.
"पोरानं ऐकलं गाडीत. त्याला नाही कळलं.
म्हणाला, बिचारा म्हातारा,
कुणीतरी बोलायला पाहिजे त्याच्याशी."
मग आम्ही दोघं बराच वेळ
खालचं झेरॉक्सचं मशीन ऐकत बसलो.
त्या दिवसाची फी मी घेतली नाही.
त्यांनी टेबलावर ठेवली ती ठेवलीच.

परवा नरसिंगअण्णांनी उरलेला मागही विकला.
किलोवर.
टेम्पोत चढवताना तो एकदाच वाजला.

आज रेकॉर्डिंग स्वच्छ.
वाक्य कितीही लांब नेता येईल, कुणी तोडणार नाही,
आणि मी बोलत सुटले आहे, मुद्दा सोडून,
भुवईवरून टॉवेलवर, टॉवेलवरून अण्णांच्या पोरीच्या लग्नावर,
तेवीस मिनिटं झाली,
थांबायचं कुठे ते कळेना.

बाहेरून आईची हाक आली,
"ए, ताट वाढलंय."

आली ती रेकॉर्डिंगमध्ये.
कापायची की ठेवायची, बघू
जेवून आल्यावर.